ढवळ्या, पवळ्या आणि डोरेमॉन

नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर एका रविवारी सकाळी गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आजी आणि त्यांचा चारेक वर्षांचा नातू. आजी सिन्नरकडच्या असाव्यात, बोलण्यात तो हेल होता. नातवाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर डोरेमॉन. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली आणि म्हणाला, "दादी, मुझे भूक लगी है." आजींनी पिशवीतून दशमी काढली. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "घरात कुनी हिंदी बोलत न्हाई बघा. समदं ह्या डब्यातनं शिकतंय." त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि कौतुकही होते. कोणते अधिक, हे सांगणे अवघड.

कार्टूनचा लहान मुलांच्या वागण्यावर परिणाम होतो का, हा प्रश्न आपण बहुतेकदा मारामारीपुरता विचारतो. मुलाने बहिणीला बुक्की मारली की आपण टीव्हीकडे बोट दाखवतो. हा प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ अभ्यासला गेला आहे आणि त्यातून हाती आलेली उत्तरे कुठल्याही कार्टूनइतकी चकित करणारी आहेत. पण फलाटावरच्या त्या मुलाने कुणाला बुक्की मारली नव्हती. त्याने फक्त भूक लागल्याचे सांगितले होते, परक्या भाषेत.

सुरुवात मारामारीपासूनच करू. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९६१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या बालवाडीतली मुले घेऊन एक प्रयोग केला. हवा भरलेली, बुडाशी वजन असलेली, कितीही ढकलले तरी पुन्हा उभी राहणारी एक मोठी बाहुली होती. मुलांदेखत एका मोठ्या माणसाने तिला हातोडीने बडवले, लाथा घातल्या, तिच्यावर बसून नाकावर ठोसे मारले. पुढे मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडल्यावर त्यांनीही तेच केले, आणि पुष्कळदा अगदी तसेच केले.

दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, याच मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला. समोर खरा माणूस नसेल, नुसता पडदा असेल तर? यासाठी ९६ मुले घेतली, ४८ मुलगे आणि ४८ मुली, साधारण तीन ते पावणेसहा वर्षांची. एका गटाने प्रत्यक्ष माणूस पाहिला, दुसऱ्याने त्याच माणसाची फिल्म पाहिली. तिसऱ्या गटाला कार्टूनसारखी फिल्म दाखवली. तिच्यात एक बाई काळ्या मांजराचा वेश घालून, रंगीबेरंगी खोट्या देखाव्यात त्याच बाहुलीला बडवत होती. चौथ्या गटाला यातले काहीच दाखवले नाही. मग प्रत्येक मुलाला आधी छान खेळणी देऊन लगेच काढून घेतली, म्हणजे ते जरा खट्टू होईल, आणि नंतर वीस मिनिटे काचेआडून त्याचे खेळणे मोजले. काहीच न पाहिलेल्या मुलांच्या आक्रमक कृतींची सरासरी ५४ भरली. प्रत्यक्ष माणूस पाहिलेल्यांची ८३, फिल्म पाहिलेल्यांची ९२ आणि मांजर पाहिलेल्यांची ९९. तिन्ही गटांतले अंतर फार मोठे नव्हते. पण मांजर खोटे असून मागे पडले नाही, ही त्यातली नवलाची गोष्ट. आपण म्हणतो, "अहो, कार्टून आहे, पोराला कळतं ते." कळत असेल किंवा नसेल, हातांनी मात्र त्या मांजराला खऱ्या माणसाइतकेच मानले.

या प्रयोगावर रास्त आक्षेप आहेत. ती बाहुली मुळात बडवण्यासाठीच बनवलेली होती. बाहुलीला मारणारे मूल शेजारच्या मुलालाही मारील असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय मोजणी तिथल्या तिथे झाली. महिन्याने काय उरले, ते त्यात नाही. म्हणून मला १९७३ साली प्रसिद्ध झालेला फ्रीडरिक आणि स्टाइन या दोन संशोधक स्त्रियांचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना चार आठवडे नेमाने कार्यक्रम दाखवले. काहींना बॅटमन आणि सुपरमॅनची कार्टून्स, काहींना 'मिस्टर रॉजर्स' हा शांत, मायाळू कार्यक्रम, काहींना साधेसुधे चित्रपट. आणि मुलांचे निरीक्षण प्रयोगशाळेत न करता त्यांच्या रोजच्या खेळात केले. मारामारीच्या कार्टून्सचा परिणाम दिसला तो मुख्यतः आधीपासूनच जरा तापट असलेल्या मुलांवर. एकच कार्टून एकाच खोलीतल्या दोन मुलांवर दोन तऱ्हेने उतरले. ज्या घरात दोन भाऊ आहेत त्या आईला हे सांगायला संशोधक लागत नाही, पण तिच्या अनुभवाला आकड्यांचा आधार मिळाला हे बरे झाले.

नकलेची ही शक्ती किती लहान वयात येते, तेही पाहण्यासारखे आहे. अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ साली दाखवले की चौदा महिन्यांचे बाळ टीव्हीवर माणसाने एखादे खेळणे कसे हाताळले ते पाहते आणि दुसऱ्या दिवशी ते खेळणे हाती आल्यावर तसेच हाताळते. मध्ये चोवीस तास गेलेले असतात. बोलता न येणाऱ्या, धड चालता न येणाऱ्या जिवाने पडद्यावरचे दृश्य एक रात्र सांभाळून ठेवलेले असते.

पण सांभाळले म्हणजे समजले असे नाही. जॉन फ्लॅव्हेल यांनी १९९० मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला. टीव्हीवर पॉपकॉर्नने भरलेले भांडे दिसते आहे. टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडेल का? तीन वर्षांची मुले 'हो, सांडेल' म्हणण्याकडे झुकली. चार वर्षांच्या मुलांना ते सांडणार नाही हे कळत होते. या एका वर्षात पडदा ही खिडकी नसून चित्र आहे, हे ज्ञान मुलाच्या मनात उगवते. मला तर हे बोलायला लागण्याइतकेच मोठे पाऊल वाटते.

इथे एक नाशिककर आठवतो. धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेबांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत दाखवला आणि लगोलग आपला कारखाना नाशिकला आणला. हलत्या चित्रांचा खेळही त्यांनी फार लवकर करून पाहिला. 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. पण मला इथे सांगायचे आहे ते १९१९ च्या 'कालिया मर्दन'बद्दल. त्यात बाळकृष्णाचे काम त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केले. चित्रपटाची सुरुवात कृष्णाने होत नाही, मंदाकिनीने होते. ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. फाळक्यांना आपल्या मुलीचा अभिनय मिरवायचा असेल, हे उघड आहे. पण त्या काळच्या भाबड्या प्रेक्षकाला त्यांनी त्याच वेळी चमत्काराची शिवणही दाखवून ठेवली: ही माझी मुलगी, आता ती देव होणार आहे. पॉपकॉर्न सांडेल म्हणणाऱ्या वयाला नेमकी हीच शिवण दिसत नसते.

ती न दिसल्याने काय होते, याची आठवण महाराष्ट्रातल्या तिशी-चाळिशीतल्या पिढीला आहे. 'शक्तिमान' कार्टून नव्हते, हाडामासाच्या माणसाने केलेली मालिका होती, पण मुलांच्या मनात तिची जागा कार्टूनचीच होती. १९९७ मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावर बेतणारे प्रकार केल्याच्या बातम्या तेव्हा छापून येत. त्या साऱ्याच खऱ्या होत्या का, यावर वाद झाला. तरी शक्तिमानची नक्कल करू नका, असे खुद्द शक्तिमानलाच पडद्यावरून सांगावे लागले, आणि मालिकेच्या शेवटी मुलांना चांगल्या सवयींचे धडे मिळू लागले. गोष्ट संपल्यावर बोध जोडायचा, ही आपली जुनी रीत.

हा बोध मुलापर्यंत पोहोचतो का? मेरी-लुईस मारेस यांनी सहकाऱ्यासह २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. 'क्लिफर्ड' या लाल रंगाच्या अवाढव्य कुत्र्याच्या मालिकेत तीन पायांच्या एका कुत्र्याची गोष्ट आहे. बाकीचे कुत्रे आधी त्याला बिचकतात, तीन पायांचा आजार आपल्यालाही लागेल म्हणून घाबरतात, आणि शेवटी त्याला आपल्यात घेतात. अपंग माणसाला वेगळे पाडू नये, हा त्यातला बोध. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट दाखवून काय शिकलात असे विचारले. फार थोड्यांना माणसांबद्दलचे काही सुचले. पुष्कळांनी सांगितले ते असे, की तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगले वागावे. मुले चुकली नव्हती. त्यांनी जे पाहिले ते नीट पाहिले होते. कुत्र्यापासून माणसापर्यंतचे अंतर मात्र त्यांना कुणी हात धरून ओलांडून दिले नव्हते. आणि ती भीतीची दृश्ये कापून तीच गोष्ट दाखवली तेव्हा मुलांना ती अधिक समजली. मालिकेच्या लेखकाला वाटते, आधी वाईट वागणे दाखवू, मग सुधारणा दाखवू. मुलाच्या मनात मात्र वाईट वागण्याची दृश्येच ठसतात.

पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना याहून बोचणारा एक अभ्यास कॅनडातल्या टोरांटोचा आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून खाण्याची एकच गोष्ट दोन पुस्तकांतून वाचून दाखवली. एकात माणसे होती, दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्वतःजवळची बक्षिसे दुसऱ्यांना अधिक दिली. प्राण्यांची गोष्ट ऐकून तसा फरक पडला नाही. एका प्रयोगावरून विष्णुशर्म्याला निकालात काढायचे नाही. इसापाची कोल्हा आणि द्राक्षांची गोष्टही द्राक्षांच्या नाशिकमध्ये तरी सांगत राहिलीच पाहिजे. पण ती सांगून आपण मोकळे होतो, तिथेच चुकतो.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. कार्टूनच्या बाबतीत मला ते जरा उलटे वाटू लागले आहे. गुण लागतो तो उशिरा आणि क्वचित. वाणच आधी लागतो. हातवारे, आवाजाची फेक, चालण्याची ऐट, उडी, शब्द ही वरची कातडी मूल लगेच अंगावर घेते. आतला विचार घ्यायला त्याला वेळ लागतो आणि माणूस लागतो. पाच वर्षांच्या शिन-चॅनचे मोठ्यांना उलट बोलणे मुलांना उचलायला सोपे गेले. त्याच्या घरातले प्रेमही त्याच मालिकेत होते, ते उचललेले कुणाला दिसले नाही. २००८ मध्ये ती मालिका भारतात बंद करावी लागली आणि पुढे काटछाट करून परत आली.

वाण लागतो म्हणूनच तो विकताही येतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांना तोच खाऊ दोन पाकिटांत दिला, एकावर कार्टूनचे चित्र आणि एक कोरे. चित्राच्या पाकिटातला खाऊ मुलांना चवीलाच चांगला लागला. बिस्किटांत आणि गोळ्यांत हे ठळक दिसले, गाजरांत फिके. त्याच वर्षी थायलंडमधल्या एका बालवाडीतली २६ मुले आठ आठवड्यांच्या उपक्रमात पूर्वीपेक्षा अधिक भाज्या खाऊ लागली. त्यात पालक खाऊन बळ येणारा पॉपाय दाखवला जात होता. पण तिथे नुसता पॉपाय नव्हता. मुले भाज्या लावत होती, हाताळत होती, चाखत होती, आणि सोबत शिक्षक होते.

वागणे म्हणजे नुसते हातपाय नव्हेत, मन ताब्यात ठेवणेही त्यात आले. अँजेलिन लिलार्ड यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांना तीन गटांत वाटून नऊ मिनिटे दिली. काहींनी 'स्पंजबॉब' पाहिला, काहींनी एका साध्या मुलाच्या रोजच्या आयुष्याचे संथ कार्टून, काहींनी चित्रे काढली. लगेच नंतर थांबायला लावणारे, लक्षात ठेवायला लावणारे खेळ दिले तर स्पंजबॉब पाहिलेली मुले मागे पडली. त्यात दृश्य साधारण दर ११ सेकंदांनी बदलते, संथ कार्टूनमध्ये ३४ सेकंदांनी. दोष या वेगाचाच असेल असे आधी वाटले. नंतरच्या प्रयोगांनी बोट दाखवले ते अशक्य घटनांच्या भडिमाराकडे. समुद्राखाली शेकोटी पेटते, माणूस चपटा होऊन पुन्हा फुगतो, आणि हे सगळे मनात बसवता बसवता चिमुकल्याचा मेंदू थकतो. हा परिणाम किती टिकतो हा वेगळा प्रश्न. पण शाळेची बस येण्याआधीची दहा मिनिटे काय लावायचे, याचे उत्तर त्यात आहे.

आता त्या फलाटावरच्या वाक्याकडे येतो. मराठी घरांत कार्टूनचा सर्वांत मोठा, रोज ऐकू येणारा परिणाम कोणता असेल, तर तो हा. डोरेमॉन भारतात हिंदीत २००५ मध्ये आला, छोटा भीम २००८ मध्ये. त्यानंतर शाळेत जायच्या आधीच हिंदीत भांडणारी, हिंदीत रुसणारी मराठी मुले घरोघर दिसू लागली. मुलाला 'मला भीती वाटते' म्हणायचे असते आणि तोंडातून येते 'मला डर लागतो'. खेळताना बाहुल्या हिंदीत बोलतात, आणि खेळ थांबवून आईला पाणी मागताना मूल मराठीत येते. जणू कल्पनेच्या राज्याची भाषा वेगळी आणि भुकेतहानेची वेगळी. फलाटावरच्या मुलाची तर भूकही हिंदीत गेली होती.

आपल्याच बाबतीत हे घडले असे नाही. बांगलादेशात हिंदी डोरेमॉन पाहून मुले हिंदी बोलू लागली, तेव्हा पालकांचा इतका ओरडा झाला की २०१३ मध्ये तिथल्या सरकारने त्याचे प्रक्षेपण बंद केले. एका निळ्या यांत्रिक बोक्यापायी सरकारला निर्णय घ्यावा लागला, तोही भाषेसाठी प्राण दिलेल्यांच्या देशात. पुढे तोच डोरेमॉन बंगालीत बोलू लागला. दक्षिणेत तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चारही भाषांत मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या निघाल्या. मराठीत ही निकड आपल्याला फार उशिरा जाणवली, आणि याची मला मनापासून खंत आहे.

पण इथे एक कोडे आहे. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या चिनी भाषकांनी बारा बैठकांत खेळवत, वाचून दाखवत ऐकवली. काहींना तेच सगळे टीव्हीवरून. प्रत्यक्ष ऐकलेल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले. टीव्हीवरून ऐकलेल्यांना काहीही आले नाही. मग आपली मुले हिंदी कशी शिकतात? मला यात तीन गोष्टी दिसतात. आपली मुले तीन-चार वर्षांची असतात, नऊ महिन्यांची नव्हे. हिंदी मराठीची सख्खी शेजारीण, अर्धे शब्द ओळखीचे. आणि नाशिकरोडसारख्या गावात ती पडद्याबाहेरही भेटते. इथे रेल्वे आहे, नोटांचा आणि मुद्रांकांचा सरकारी प्रेस आहे, आर्टिलरी सेंटर आणि देवळाली कॅम्प आहे. देशभरातून आलेली माणसे एकाच नळावर आणि एकाच भाजीबाजारात उभी असतात. कार्टूनने पेरलेला शब्द मुलाने खाली खेळायला गेल्यावर वापरून पाहिला आणि त्याला उत्तर मिळाले. भाषा तिथे रुजली. नुसत्या पडद्याने ती रुजवली नसती.

म्हणजे पुन्हा माणूसच आला. अमेरिकेत 'डॅनियल टायगर' या छोट्या वाघाच्या कार्टूनवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. ते पाहिल्याने मुलांत दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची जाण वाढली ती ज्या घरांत आईवडील पाहिलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी बोलत होते, त्या घरांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा सांगितली आणि दोनच्या आत पडदा नकोच म्हटले. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास तोच, आणि त्यात मोठ्यांच्या देखरेखीवर भर आहे.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र हातात धरतात आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीवर त्याची कथा सांगतात. तिथे चित्र कधी एकटे नसते. 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगचित्रपट पाहा. भीमसेन यांनी तो केला आणि त्यामागे शैक्षणिक चित्रपटांना आयुष्य दिलेल्या विजया मुळे होत्या. त्यात जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट थेट येत नाही. बागेत मुले ताईला प्रश्न विचारतात आणि ताई ती सांगते. कथेकरीण चित्रपटाच्या आतच बसवलेली आहे. आणि रोजचे उदाहरण हवे तर नाशिकरोडच्या बिटको चौकापासून जवळच मुक्तिधाम मंदिर आहे. रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेले कृष्णचरित्राचे आणि महाभारताचे प्रसंग तिथल्या भिंतींवर आहेत. सुटीच्या दिवशी तिथे थोडा वेळ उभे राहा. कडेवरचे मूल बोट दाखवते, आजोबा सांगतात. मूल पुन्हा विचारते, आजोबा पुन्हा सांगतात. तिथे भिंतीभर युद्ध आहे, बाण आहेत. पण प्रत्येक चित्रापुढे एक मोठा माणूस उभा आहे.

त्या रविवारी गाडी चाळीस मिनिटे उशिरा होती. दशमी खाऊन झाली तरी मुलाचे डोळे मोबाइलवरच होते. आजींनी तो हिसकावून घेतला नाही. चष्मा लावून त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "ह्यो निळा कोन रं? बोका हाय का?"

"हां, डोरेमॉन."

"बोका हाय, मग कान कुठंयत त्याचे?"

मुलाने पहिल्यांदा व्हिडिओ थांबवला. आजीला हिंदीत सांगून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होते. तो क्षणभर शब्द शोधत राहिला. "आजी, त्याचे कान ना," तो म्हणाला, "उंदरानं खाल्ले!"

"बोक्याचे कान? उंदरानं?" आजी इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली.

"हो! म्हणून तो उंदराला घाबरतो. थांब, तुला दाखवतो," असे म्हणत तो त्यांच्या मांडीवर चढला.